उंच उडीच्या गादीला कुलूप

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. "टीचर, तुमच्या कारकिर्दीवर लिहा. जरा प्रेरणादायी होऊ दे," म्हणाले. मी म्हटलं, प्रेरणा तुम्ही दुसरीकडून आणा. उंच उडीचं नाव काढलं की मला हल्ली राग येतो आणि लिहीन तो रागच लिहीन. ते हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतात.

गंमत नाही. मी राज्याची उंच उडीतली विजेती होते, आणि एकदा नव्हे, सलग काही वर्षं. राष्ट्रीय स्पर्धेतही सोनं आणलं. पुढं निपाणीजवळच्या एका हायस्कुलात खेळाची शिक्षिका म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. पदकं कपाटात आहेत. कुणाला बघायची असतील तर चहाच्या वेळी या, इथं त्यांची जंत्री देत नाही.

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन खांब असतात, त्यांच्यावर एक आडवी दांडी नुसती टेकवलेली असते. बांधलेली नसते, धक्का लागला की पडते. धावत यायचं, एका पायावर उसळायचं आणि दांडी न पाडता पलीकडं जायचं. एका उंचीला तीन संधी. तिन्ही वेळा पाडलीत की तुम्ही घरी. दांडी कुणासाठी खाली येत नाही, वरच चढत जाते, त्यामुळं जिंकलेली मुलगीसुद्धा शेवटी दांडी पाडूनच बाहेर पडते.

पूर्वी आम्ही कात्रीसारखे पाय टाकून जायचो आणि पायांवर उतरायचो. आता सगळं जग पाठीवरून जातं. धावताना शेवटी वळण घ्यायचं, उसळताना दांडीकडं पाठ करायची. आधी डोकं जातं, मग खांदे, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी पाय झटकून वर ओढून घ्यायचे. उतरायचं ते खांद्यांवर. म्हणजे आपण कुठं पडणार हे उडणारीला दिसतच नाही. म्हणून पलीकडं मांडीएवढी जाड स्पंजची गादी लागते. गादीशिवाय ही उडी मारायला लावणारा माणूस पोरीच्या मानेशी खेळतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या लहानपणी गादी म्हणजे तंबाखूच्या वखारीतली पोती. आमचे ड्रिल मास्तर रिकामी पोती मागून आणायचे. त्यांत उसाचा वाळका पाला भरून आम्ही ती दांडीपलीकडं रचायचो. मास्तर आधी काठीनं सगळी पोती बडवून घ्यायचे, कारण एकदा आतून विंचू निघाला होता. उडी मारली की तंबाखूची धूळ उडायची. त्यामुळं उडायचं, शिंकायचं आणि परत धावायला जायचं, असा आमचा सराव. पाल्याची पानं पोत्यातून बाहेर येऊन पोटऱ्या कापायची.

आईची तऱ्हा वेगळीच. आमच्याकडं बायकांनी मुसळ ओलांडायचं नाही, बैलाचं जू ओलांडायचं नाही, कासरा तर नाहीच नाही. आणि तिची पोरगी रोज काहीतरी ओलांडून येते हे तिला कुणीतरी सांगितलं. मला समोर उभी केली आणि विचारलं, "दांडी कसली हाय ती? जूबिऊ तर न्हवं?"

"न्हाय गं, साधा बांबू हाय. मास्तरनी आणलाय."

"मग ओलांड जा," म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. माझ्या कारकिर्दीला मिळालेली ही पहिली सरकारी मंजुरी.

खरी गादी मी पहिल्यांदा बेंगळूरला राज्य स्पर्धेत बघितली. माझ्या आधी एक उंच मुलगी धावत आली आणि पाठ करून दांडीवरून पलीकडं कोसळली. मी ओरडले, "अगं, पडली की ती!" आजूबाजूच्या मुली फिदीफिदी हसल्या. ती पडली नव्हती, तिनं उडी मारली होती. त्या वर्षी मी कात्री उडीनंच जिंकले, पण मला तेव्हाच कळलं की ह्या गादीशिवाय पुढं काही खरं नाही. दोन वर्षांनी एका शिबिरात मी पाठीवरची उडी शिकले आणि मग सोनं आलं.

सोनं आलं तसे सत्कारही आले. आमचा भाग कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा, त्यामुळं मला दोन्ही बाजूंचे धनी होते. पलीकडचे लोक म्हणायचे, "आपली मराठी लेक." इकडचे कानडीत म्हणायचे, "नम्म हुडगी," म्हणजे आमची पोरगी. एकाच आठवड्यात दोन मिरवणुका निघाल्या आणि एकाच आठवड्यात दोनदा ओटी भरली. शाली इतक्या झाल्या की आईनं त्यांच्या वाकळा शिवल्या. प्रत्येक सत्काराला उत्तर देताना मी एकच वाक्य बोलायचे: शाल नको, ह्या भागातल्या पोरींना एक गादी द्या. लोक टाळ्या वाजवायचे. कोण आपली लेक म्हणून भांडणारा असो नाहीतर नम्म हुडगी म्हणून, टाळ्या वाजवून सगळे जेवायला बसायचे. मी नोकरीला लागले, निवृत्त झाले, केस पिकले, तरी माझ्या शाळेच्या पोरी पोत्यांवरच पडत होत्या.

आता त्रिशलाचं सांगते. हे सगळं तिच्यासाठीच लिहितेय.

त्रिशला आमच्या शेजारच्या गावातली, जैन शेतकऱ्याची मुलगी. घरात तंबाखू आणि ऊस. निवृत्त झाल्यावरही मी तालुक्याच्या मैदानावर संध्याकाळी मुलींना शिकवायला जात होते, तिथं ती आली. लांब पाय, बारीक चण, आणि धावताना जमिनीला टेकतेय की नाही असा पाय. मी जन्मभर पोरी बघितल्यात. अशी एकच बघितली. घरात दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत, म्हणून ती सराव अर्धा टाकून सायकल हाणत घरी पळायची. मग तिच्या आईनंच डबा मैदानावर पाठवायला सुरुवात केली. पोरगी पोत्यावर बसून, सूर्याकडं बघत बघत भाकरी खायची आणि परत धावायची.

तिचे वडील आप्पा एकदा मैदानावर आले, बराच वेळ उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "टीचर, मला ह्यातलं काय कळत न्हाय. पर पोरीला ह्यातनं कायतरी मिळंल का वो?"

मिळणार होतं. बेळगावला क्रीडा वसतिगृहासाठी निवड चाचणी व्हायची होती. निवड झाली की राहणं, खाणं, शिक्षण आणि चांगला प्रशिक्षक. पण ठरावीक वयापर्यंतच घेतात आणि त्रिशलाचं ते शेवटचं वर्ष होतं. तिथं कात्री उडीवर कुणी विचारणार नव्हतं. पाठीवरून उडायला यायलाच हवं होतं, आणि त्यासाठी गादी.

आणि खरंच गादी आली! इतकी वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते, त्याला फळ आलं. एका सकाळी लॉरीतून तीन मोठे निळे तुकडे उतरले. अख्खा गाव दाबून बघायला आला. एक म्हातारी तर बसलीच. "लई मऊ हाय गं बाई," म्हणाली. त्रिशलानं गादीवरून नुसता हात फिरवला आणि माझ्याकडं बघून हसली. मी तिला म्हटलं, उद्यापासून सुरू.

मैदानाच्या समितीचे अध्यक्ष, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, पुढं आले. "उद्या कसं म्हंतासा टीचर? उद्घाटन व्हायचं हाय की! मंत्रिसाहेबांच्या हस्ते. तवर कुणी हात लावायचा न्हाय."

"अण्णा, हात कुणाला लावायचाय? पोरीला त्यावर पडायचंय."

"दोन आठवड्यांची तर गोष्ट हाय," म्हणाले आणि गादी मैदानाच्या खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावलं.

दोन आठवडे झाले, साहेबांचा दौरा रद्द झाला. मग पितृपंधरवडा लागला, त्यात शुभकार्य कसं करायचं? मग अधिवेशन आलं. मग कुठल्यातरी निवडणुकीची आचारसंहिता. ती उठते न उठते तोच धनुर्मास, त्यातही शुभकार्य नाही. मी प्रत्येक वेळी अण्णांकडं जायचे, प्रत्येक वेळी चहा यायचा आणि किल्ली यायची नाही. वरच्या कचेरीत गेले तर ते म्हणाले, ताबा समितीचा आहे, समितीला विचारा. एकदा मी जरा आवाज चढवला, तर अण्णा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "टीचर, तुमी आता रिटायर हायसा. मैदानावर पोरी आणतासा, आमी कधी न्हाय म्हटलं का? म्हणायला लावू नगासा." ह्याचा अर्थ मला कळला. आहे ती जागाही गेली असती. मी गप्प बसले आणि त्रिशला पोत्यांवर पडत राहिली. मी तिला वळणाची धाव शिकवली, उसळणं शिकवलं, पाठ वळवणं शिकवलं. पण दांडी कंबरेच्या वर लावायची माझी हिंमत झाली नाही. पोती ती, मान मोडली असती पोरीची.

आणि मग अण्णांच्या पुतण्याचं लग्न आलं. निमंत्रण होतं, गेले. दुपारी पंगत उठल्यावर हात धुवायला म्हणून मंगल कार्यालयाच्या माडीवर गेले आणि दारातच थबकले. खोलीत पाहुणे ओळीनं घोरत होते. फेटे उशाला, तोंडं उघडी. आणि त्यांच्याखाली माझी निळी गादी. तिन्ही तुकडे. एका कोपऱ्यात पानाची पिचकारी पडलेली.

मी खाली येऊन अण्णांना मांडवात गाठलं. हार गळ्यात होता त्यांच्या, तरी गाठलं. "अण्णा, ती गादी?"

त्यांना लाज वाटेल असं मला उगीचच वाटलं होतं. "पाव्हणं लांबनं आलतं, टीचर. हुबळीसनं. त्यास्नी काय फरशीवर निजवायचं व्हय?"

"उद्घाटनाआधी कुणी हात लावायचा नाही म्हणाला होता ना?"

"हात कुठं लावलाय? निजल्यात नुसतं," अण्णा म्हणाले. "उडी कुणी मारली न्हाय. उद्घाटन हाय तसंच शिल्लक हाय."

आजूबाजूचे चार लोक हो हो म्हणाले. त्यात माझा एक जुना विद्यार्थीही होता. मी त्या दिवशी मांडवात जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. नवरदेवाची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "आक्का, आजच्या दिवशी नको." आजच्या दिवशी नको, उद्याच्या दिवशी नको. आपल्याकडं पोरींसाठी भांडायला कुठला दिवस शुभ असतो ते पंचांग करणाऱ्यांनी एकदा छापून टाकावं. दुसऱ्या दिवशी गादी पुसून परत खोलीत गेली आणि कुलूप लागलं.

महिन्याभरात बेळगावची चाचणी आली. लाल बसनं मी, त्रिशला आणि आप्पा गेलो. आप्पांनी नवा सदरा घातला होता. मैदानात मोठी गादी बघितल्यावर त्रिशला जवळ गेली आणि तळव्यानं दाबून आली. सुरुवातीच्या उंच्या तिनं कात्रीनंच, अगदी आरामात पार केल्या. धाव तर अशी की एक परीक्षक दुसऱ्याला कोपर मारून दाखवत होता. मग दांडी अशा उंचीवर गेली की कात्री चालणार नव्हती.

पहिल्या संधीला ती सुंदर धावत आली, वळण घेतलं, पाठ वळवायच्या क्षणी पाय जागच्या जागी थांबला आणि ती दांडीखालून गादीवर जाऊन आदळली. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी मी बाहेरून ओरडले, "बिनघोर पड, मऊ आहे!" ती उसळली, पण मध्येच मान वळवून खाली बघितलं. मान वळली की खांदा पडतो. खांद्यानं दांडी गेली.

तिच्यापेक्षा कमी उसळणाऱ्या मुली निवडल्या गेल्या. त्यांचा मला राग नाही. त्या वर्षभर गादीवर पडल्या होत्या, त्यांनी कमावलं होतं. परीक्षकांतल्या एका बाईंनी मला विचारलं, "एवढी चांगली मुलगी, पाठीवरची उडी का नाही बसवून घेतली?" काय सांगू? उद्घाटन व्हायचं होतं म्हणून?

परत येताना बसमध्ये आप्पा खिडकीबाहेर बघत होते. निपाणी जवळ आल्यावर त्रिशला हळूच म्हणाली, "टीचर, गादी हुती तिथं. मला दिसत हुती. पर पाठीला म्हाइत न्हवतं."

मी आयुष्यभर उंच उडी मारली आणि शिकवली. ह्या खेळाबद्दल एवढं खरं वाक्य मला कधी सुचलं नाही. मागं मऊ आहे हे डोक्याला सांगून भागत नाही. शेकडो वेळा पडून पाठीला ते कळावं लागतं. पाठीला कळण्यासाठीच तर गादी मागितली होती. आणि ती कळली कुणाच्या पाठीला, तर हुबळीच्या पाहुण्यांच्या.

निवडीनंतर पंधरा दिवसांत साहेब आले. मांडव, बँड, हार, सगळं आलं. गादीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, फीत कापली. साहेबांनी बोटानं गादी दाबून बघितली, फोटो निघाले. मलाही बोलावून शाल घातली. मग सूत्रसंचालक म्हणाला, "आता आपल्या तालुक्याची त्रिशला प्रात्यक्षिक दाखवील." त्रिशला गर्दीत आईजवळ उभी होती. तिनं मान हलवून नाही म्हटलं. अण्णा व्यासपीठावरून म्हणाले, "लाजती पोरगी."

मी माईक घेतला. ही पोरगी लाजत नाही, म्हटलं. तिला पंधरा दिवसांपूर्वी उडायचं होतं. ही गादी महिनोन्‌महिने कुलपात होती आणि मधे लग्नातल्या पाहुण्यांखाली होती. तिचं वसतिगृह गेलं ते ह्या फितीपायी गेलं. एवढं बोलेपर्यंत लोक ऐकत होते. मग कुणीतरी खूण केली आणि बँड सुरू झाला. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी अजून बोलत होते पण माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर अण्णांनी शिपायाला सांगितलं, "प्लॅस्टिक घाल आणि आत ठेव, धूळ बसंल." ऐकून माझं डोकंच फिरलं. गादी आत गेल्यावर शिपाई कुलूप लावत होता, त्याच्या हातातून मी किल्ली घेतली. तो घाबरून अण्णांकडं बघायला लागला. मी म्हटलं, अण्णा, तुमचं उद्घाटन झालं, आता माझं. किल्ली पर्समध्ये टाकली आणि चालायला लागले. अण्णा मागून "टीचर, टीचर" म्हणत राहिले. ती मी परत दिलेली नाही. समितीची दोन माणसं घरी येऊन गेली, त्यांना चहा दिला. किल्ली दिली नाही. जाताना एक जण म्हणाला, "आक्का, हे बरं न्हवं." मी म्हटलं, बरं नव्हेच ते.

आता रोज संध्याकाळी गादी बाहेर निघते. लहान पोरी पाठीवर पडतात, हसतात, परत पडतात. त्यांना भीती कशाची म्हणून माहीत नाही. त्रिशला निपाणीच्या कॉलेजात जाते. पहिले काही आठवडे ती मैदानाकडं फिरकलीच नाही. मग एक दिवस आली, गादीवर उताणी पडली, उठली, परत पडली. नुसतीच पडत होती, दांडी न लावता.

गेल्या महिन्यातली गोष्ट. भर दुपार, मैदानात आम्ही दोघीच. बेळगावात निवडल्या गेलेल्या पहिल्या मुलीनं जी उंची पार केली होती ती मला पक्की आठवते. मी त्रिशलाला न सांगता दांडी त्याच्यापेक्षा चार बोटं वर लावली. ती धावत आली, वळण घेतलं, पाठ वळवली. मान सरळ आकाशाकडं होती. पाय झटकले. दांडी हललीसुद्धा नाही.

ती तशीच गादीवर पडून राहिली. वर बघत म्हणाली, "टीचर, ही बेळगावच्या पोरीपक्षा वर हुती न्हवं?"

तिलाही ती उंची पाठ होती. "व्हय," मी म्हटलं. "चार बोटं."

"मग त्या दिशी झालं असतं का वो?"

खोटं कशाला बोलू? "झालं असतं," म्हटलं.

मला वाटलं पोरगी रडेल. ती उठली, केस बांधले, धाव सुरू करायच्या जागेकडं चालू लागली आणि मागं न बघता म्हणाली, "आनि वर लावा."

मी दांडी वर घेतली. रागाच्या भरात ती खांबांवर इतक्या जोरानं टेकवली की दोनदा खाली पडली आणि मला परत ठेवावी लागली.